आधी चर, मग पाणी

मृग कोरडा गेला की आमच्या जालन्याच्या मंडळीत पावसासाठी उपवास-प्रार्थना ठेवतात. मीही जाते, गुडघे टेकते, मनापासून मागते. देव ऐकतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच हे लिहिते आहे. ज्या चर्चमध्ये बसून आपण पाऊस मागतो, त्याच्या पत्र्यावरचं पाणी पन्हाळीतून थेट नालीत जातं. जालन्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावर साठ हजार लिटरांहून अधिक पाणी पडतं. मागितलेलं मिळतं, ते आपण नालीला देतो आणि मार्च लागला की त्याच आवारात टँकर बोलावतो.

‘विश्वास ठेवा, बाकी देव बघून घेईल’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं ते आजाऱ्यांच्या खाटेजवळ. आयुष्यभर नर्स म्हणून काम केलं. प्रार्थनेनंतर हलकं वाटलं म्हणून बीपीची गोळी सोडून दिलेली माणसं पाहिली. एका काकूंच्या उशाशी पवित्र शास्त्र होतं आणि त्याच्याखाली गोळ्यांची पाकिटं, एकही गोळी न काढलेली. त्यांचा उजवा हात पुढे कधीच नीट उचलला गेला नाही. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं त्यांच्या मनावर कुणीतरी बिंबवलं होतं. पण अरण्यातल्या परीक्षेचा प्रसंग आपण सगळ्यांनी वाचला आहे. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, हे प्रभू येशूला कोण सांगत होतं? सैतान सांगत होता, आणि तेही शास्त्रातल्या वचनाचा आधार घेऊन. प्रभूने उडी टाकली नाही. बापावर त्याचा विश्वास कमी होता म्हणून टाकली नाही, असं कोण म्हणेल?

मला या बाबतीत राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा तिसरा अध्याय फार जवळचा वाटतो. आपल्या उपदेशांत तो क्वचितच येतो. इस्राएल, यहूदा आणि अदोम यांचे राजे मवाबावर चालून निघाले. सात दिवसांच्या वाटचालीनंतर सैन्याला पाणी नाही, जनावरांना नाही. अलीशा संदेष्ट्याकडे गेले, तेव्हा त्याने काय सांगितलं? या कोरड्या खोऱ्यात चरच चर खणा. वारा दिसणार नाही, पाऊस दिसणार नाही, तरी खोरं भरेल. तहानेने जीव जायची पाळी आलेल्या माणसांना आधी कुदळ हातात घ्यायला लावली. सकाळी पाणी आलं. चर नसते तर ते तसंच वाहून गेलं असतं, असं मला तरी वाटतं.

मराठवाड्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. डोंगरावर समपातळी चर, खाली बांध, ओढ्याला नालाबंडिंग, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. आमच्याच तालुक्यातल्या कडवंचीने हेच केलं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात हे गाव उतरलं. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यात मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली, तेव्हा कडवंचीत द्राक्षं उभी होती. त्या कार्यक्रमाच्या मुळाशी एक ख्रिस्ती धर्मगुरू होते, हे आपल्या मंडळीत फार थोड्यांना ठाऊक आहे. फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट, अनेक वर्षं तेव्हाच्या अहमदनगरकडच्या खेड्यांत राबले. त्यांच्या कार्यक्रमाची अट कडक होती: आधी श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, पैसे नंतर. रोज मिस्सा करणारा हा माणूस गावकऱ्यांना चर खणायला लावत होता, आणि या दोन्हींत त्याला विरोध दिसला नाही.

आमच्या पूर्वजांनाही दिसला नव्हता. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले. गावकुसाबाहेरची माणसं ख्रिस्ती होऊ लागली, तेव्हा त्यांना नुसता आशीर्वाद देऊन ते थांबले नाहीत. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि त्यांच्यासाठी बेथेल हे गाव वसवलं.

पण तयारी तयारीतही फरक असतो. माझ्या भावाची मोसंबी बदनापूर तालुक्यात आहे. उन्हाळ्यात तिकडे रात्रभर बोअरच्या गाड्यांचा आवाज. शेजाऱ्याने पाचशे फूट घेतला की आपण सहाशे. तीही तयारीच, पण भीतीपोटी केलेली, आणि तिने शेजाऱ्याची विहीर आटते. प्रभूच्या दाखल्यातला तो धनवानही कोठारं पाडून मोठी बांधायला निघाला होता. त्याच्या बोलण्यात सगळं माझं, माझं. मिसरात योसेफानेही सात वर्षं धान्य साठवलं, ते मात्र सगळ्यांसाठी, अगदी ज्यांनी त्याला विकलं त्या भावांसाठीसुद्धा. माथ्यावर चर खणणाऱ्याला ठाऊक असतं की मुरलेलं पाणी खालच्या कुणाच्या तरी विहिरीत उतरणार आहे. तरी तो खणतो. देवावर भरवसा असल्याशिवाय हे होत नाही, आणि म्हणून मी चराला प्रार्थनेइतकाच मान देते.

तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांच्या पंचांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत छपराच्या पाण्याचा विषय घ्या. पन्हाळीला पाइप, तोंडाला जाळी, आवारातल्या बोअरभोवती खड्डा, त्यात दगड, खडी, वाळू. पहिल्या पावसाचं घाण पाणी तेवढं बाहेर सोडायचं. गवंडी आणि प्लंबर आपल्या मंडळीतच सापडतील. हंगामाच्या सणाला आपण कोंबड्या, भोपळे, ज्वारीचा लिलाव करतो. यंदाची ती रक्कम यावर घाला. आवाराच्या भिंतीपलीकडे हातपंपावर ज्या बाया रांगेत उभ्या असतात, त्यांनाही हे पाणी पोहोचेल. रोहिणी निघायच्या आत काम व्हायला हवं. आणि पाळकसाहेबांनी घरभेटीला जाताना प्रार्थनेआधी एकदा विचारावं, ‘काकू, आजची गोळी घेतली का?’