स्टो दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाण्याचे दिवस आले, की आमच्या आळीतल्या वारकऱ्यांचे पितळी स्टो माळ्यावरून उतरतात. आमचाही उतरतो, आणि वाद ठरलेला. सौ. म्हणते, “रुखवतातला आहे, मोडीत घालायचा नाही!”

वाचकहो, 1892 साली स्वीडनच्या लिंडक्विस्टने काढलेले हे यंत्र आपला निवाडा स्वतःच सांगते. पंप हवा धरत नसेल, तर चामडी वॉशर तेलात भिजवावा किंवा बदलावा. ज्योत पिवळी पडली, तर पिन मारावी. तरी सुधारेना, तर निपल बदलावे. मात्र बर्नरचे तोंड बंद करून रिकाम्या टाकीत हवा भरावी आणि ती पाण्यात बुडवावी. बुडबुडे आले, की माया आवरावी. राहुटीत स्टोशेजारीच माणसे निजतात. पितळ मोडीत जाईल. माणसे मात्र वारीहून घरी आली पाहिजेत.