न तपासता दिलेले मलम

पाळी जाऊन पंधरा-वीस वर्षे झालेली बाई ‘खाली खाज येते’ एवढेच सांगते, तेही दवाखान्यातून उठता उठता. टेबलावर न तपासताच मलम लिहून दिले जाते. पुढच्या वेळी तीच नळी परस्पर दुकानातून येते. तिच्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असते. आठवडाभर बरे वाटते, मग पुन्हा कंड सुटतो. अशी वर्षे जातात आणि ती जागा कोणी पाहिलेलीच नसते.

या खाजेमागे योनीमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था असू शकते. अशा पूर्वावस्था मुख्यतः दोन. एक एचपीव्ही विषाणूमुळे होणारी, तुलनेने तरुण वयात दिसणारी. दुसरी, ‘डीव्हीआयएन’, विषाणूशी संबंध नसलेली. ती उतारवयात, बहुधा लायकेन स्क्लेरोसस या जुनाट त्वचाविकारावर उद्भवते. ती कमी आढळते, पण कर्करोगाकडे अधिक वेळा आणि अधिक वेगाने वळते. पॅप स्मिअर ती पकडत नाही. ती तपासणी गर्भाशयमुखाची आहे.

लायकेनमध्ये त्वचा पांढुरकी, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी होते. खाज रात्री वाढते. त्या पांढऱ्या भागात जाड, खरखरीत चट्टा, न भरणारी चीर, लालसर डाग किंवा गाठ दिसली, तर नुसत्या नजरेवर विसंबू नये. जागा बधिर करून चार मिलिमीटरचा तुकडा काढायला काही मिनिटे पुरतात. व्रण असेल तर तुकडा त्याच्या कडेवरून घ्यावा. चट्टे वेगवेगळे दिसत असतील, तर प्रत्येकातून. सोबतच्या चिठ्ठीत वय, जुना विकार आणि वापरलेली मलमे लिहावीत. डीव्हीआयएनमधला बिघाड सूक्ष्मदर्शकाखालीही सहज निसटतो. माहितीअभावी अहवाल ‘जुनाट दाह’ असा येऊ शकतो. तरीही शंका उरली, तर पुन्हा तुकडा घ्यावा. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती निराधार आहे.

इथे दोष स्टेरॉइडचा नाही. लायकेनवर तेच मुख्य औषध आहे. ऑस्ट्रेलियात 507 स्त्रियांवर झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते नियमित लावणाऱ्यांपैकी एकीलाही योनीमुखाचा कर्करोग किंवा पूर्वावस्था झाली नाही. टाळाटाळ करणाऱ्या 150 जणींपैकी 7 जणींना झाली. घातक आहे ते निदानाशिवायचे मलम.

म्हणून उतारवयातली खाज काही आठवड्यांच्या उपचारानेही थांबली नाही, तर मलम बदलण्याआधी तपासणी झालीच पाहिजे. डॉक्टर पुरुष असतील, तर नर्सला सोबत घ्यावे; संकोच हे तपासणी टाळण्याचे कारण असू शकत नाही. आणि बाईनेही चिठ्ठी हातात घेण्यापूर्वी स्पष्ट म्हणावे, ‘आधी तपासा.’