सेंटर पिन काढायला आधी घण कायले?

मौदा-रामटेककडे धानाच्या बांधीत वर्षानुवर्षं चिखलणी केलेला जुना बी-275 दुरुस्तीले काढला की पुढच्या एक्सलची सेंटर पिन हमखास अडते. मिस्त्री लगेच घण मागतो. माझं मत सांगतो भाऊ, घण सगळ्यात शेवटी.

निप्पल मातीनं बुजलं की ग्रीस आत जात नाही, चिखलाचं पाणी मात्र जाते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पिन बुशमध्ये आवळते. त्यात पिन घासून काही ठिकाणी बारीक, काही ठिकाणी जाड, म्हणजे पायरी पडलेली. अशा पिनवर घण हाणला तं तिचं टोक फुलते. फुललेलं टोक भोकातून जाईल कसं? मंग अजून मोठा घण, अन् शेवटी बीडाचा ब्रॅकेट तडकतो.

पिन अन् बुश तसेही बदलायचेच आहेत. त्यांचा जीव गेला तरी चालते. ब्रॅकेट अन् एक्सल वाचला पाहिजे. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा अन् व्होल्टासनं 1963 मध्ये मिळून काढलेल्या कंपनीचा हा ट्रॅक्टर. आज महिंद्राचा कारखाना आपल्या हिंगण्यातच आहे, पण इतक्या जुन्या मॉडेलचा ब्रॅकेट दुकानात गेल्याबरोबर मिळेल याचा भरवसा नाही. अन् रोवणी कोणासाठी थांबत नाही.

आधी पिनचा लॉक बोल्ट काढला का ते पाहा. हसू नका, तो तसाच ठेवून ठोकणारे आहेत. ट्रॅक्टर जॅकवर उचलून खाली मजबूत लाकडी ठोकळे द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. पिनवरचं वजन उतरलं की अर्धं काम तिथंच होते. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. सकाळी पाइप पान्यानं पिन गोल फिरवून पाहा. जरा जरी हलली तं समजा निघाली.

नाहीच हलली तं तेल पुसून, डिझेलपासून दूर, ब्रॅकेट चहूबाजूनं सारखा गरम करा. पिन नाही, ब्रॅकेट! लाल होऊ देऊ नका. त्यानंही नाही जमलं तं पिन सरळ कापा, अन् उरलेला बुश आरीच्या पात्यानं लांबीत चिरून छिन्नीनं आत दुमडा. अर्धा दिवस जाते, मिस्त्री कुरकुर करते. करू द्या.

नवा बुश बसवताना त्याचं भोक निप्पलच्या भोकासमोर आलं पाहिजे. नाही तं कितीही ग्रीस मारा, पिनपर्यंत पोचणार नाही.