घरचे आरोग्य : कोपर आखडले, ऑपरेशन कधी?

करमाळा तालुक्यातील केमहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा १९ वर्षांचा मुलगा तीन महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडला, उजवे कोपर निखळले. दवाखान्यात सांधा बसवला, पण सूज उतरेना. मग वीस दिवस गावातल्या जाणत्या माणसाकडून तेलाने चोळून, हात ओढून घेतला. आता हात काटकोनातच अडकला आहे. घास तोंडापर्यंत जात नाही. डाव्या हाताने जेवावे लागते म्हणून पोरगा लग्नाच्या पंगतीला बसत नाही. डॉक्टर म्हणतात, हाड वाढले आहे, अजून काही महिने थांबा, मग ऑपरेशन करू. ताई विचारतात, आम्ही गरीब म्हणून टाळतात काय?

नाही ताई. इथे डॉक्टरांचेच बरोबर आहे.

कोपराला जबर मार बसला की कधी कधी भोवतीच्या मांसातच नवे हाड धरू लागते. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. नुसत्या निखळण्यानेही ते होते, म्हणून सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. पण चोळण्याने, ओढण्याने पुन्हा पुन्हा इजा होते आणि धोका वाढतो. दवाखाना लांब, एक दिवस गेला की रोज बुडतो, म्हणून माणसे चोळणाऱ्याकडे जातात हे आम्ही जाणतो. तरी परंपरेने चालत आले एवढ्यावर काही मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे.

हे हाड कच्चे असताना काढले तर पुन्हा वाढण्याची भीती असते. पूर्वी वर्ष-दीड वर्ष थांबवत. आता सूज व ऊब गेली आणि एक्स-रेत हाडाची कड स्वच्छ दिसली, तर सहा महिन्यांच्या सुमारासही करतात. फार वर्षे मात्र काढू नयेत, सांधा आतून खराब होतो.

ऑपरेशनमध्ये जादा हाड काढतात, आखडलेले आवरण मोकळे करतात. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती नस जपावी लागते. म्हणून हे काम अस्थिरोगतज्ज्ञाचेच. पुन्हा हाड वाढू नये म्हणून काही आठवडे इंडोमेथासिनच्या गोळ्या किंवा एकदाच थोडे किरण देतात. पोटात अल्सर असेल तर आधी सांगावे.

खरी मेहनत पुढेच आहे. एक-दोन दिवसांतच हात हलवायला सुरुवात होते. मुलाने तो स्वतः हलवायचा, दुसऱ्याने दाबायचा नाही. हात अगदी सरळ होईलच असे नाही. पण घास घेता आला, केस विंचरता आले, की बरेच काम साधते.

केमला रेल्वे आहे. एका बाजूला सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, दुसऱ्या बाजूला पुण्याचे ससून. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवून विचारा. पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे बरोबर न्या. तोवर हात कोणाला चोळू देऊ नका.