सायकल पायाच्या मापाची असावी

चप्पल घेताना आपण पाय घालून पाहतो, चार पावले चालतो, मगच पैसे देतो. सायकल घेताना मात्र किंमत पाहतो आणि म्हणतो, "पोरगा वाढेल, मोठीच द्या." या काटकसरीचा भुर्दंड पोराच्या कंबरेला पडतो.

आपल्यातील एका घरी हे मी पाहिले. मुलगा वडिलांची जुनी २२ इंची सायकल चालवीत असे. पायडल खाली गेले की पाय पुरेना, म्हणून तो सीटवर डावी-उजवीकडे घसरे. संध्याकाळी कंबर दुखे. वडिलांचे उलट. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून त्यांनी आपल्या सायकलची सीट तळाला बसवलेली. भाजीची पोती लादून ईदगाह हिल्सचा चढ चढताना गुडघा पुरा उलगडत नसे आणि वाटीपाशी कळ येई. दोघेही तेल चोळीत होते. दुखणे मापाचे होते.

माप घेणे सोपे आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून जांघेपर्यंत वर दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. इंग्लंडमध्ये १९६७ साली हॅम्ले व थॉमस यांनी प्रयोगांवरून सांगितले की, खाली गेलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर या मापाच्या १०९ टक्के असता पायांची ताकद उत्तम लागते. म्हणजे माप ८० सेंटिमीटर असेल, तर सीट ८७ वर. गर्दीच्या रस्त्यात वारंवार थांबावे लागते, तेथे दोनेक सेंटिमीटर कमी ठेवावी. टेप नसेल तर टाच पायडलवर ठेवा. पायडल तळाशी असता पाय सरळ व्हावा. मग पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. तेवढाच हवा. शिवाय मधल्या दांड्यावर उभे राहिल्यास तीन बोटे जागा मोकळी असावी.

आता मुद्द्याचे बोलतो. मध्य प्रदेश सरकारच्या मोफत सायकल योजनेत सहावीला १८ इंची आणि नववीला २० इंची असे माप ठरले आहे. योजना चांगलीच, दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या किती मुलींची शाळा त्यामुळे टिकते! पण पाय इयत्तेप्रमाणे वाढत नाहीत. हिशेब करा : १८ इंची सांगाडा सुमारे ४६ सेंटिमीटर, पायडलचा दांडा १६, तळाला आणलेली सीट ८, एकूण ७०. म्हणजे जांघेचे माप ६४ हून कमी असलेल्या मुलाला ही सायकल उंचच पडणार. एकाच वर्गात असे बुटके आणि ताडमाड दोन्ही असतात. वाटपापूर्वी शाळेने प्रत्येकाचे माप घ्यावे, दोन्ही आकार ठेवावेत, निदान सीट तरी बसवून द्यावी. पालकांनीही हे मागावे. फुकट मिळाले म्हणून अंगाला न बसणारे मुकाट्याने घ्यावे, असे नाही.

तोवर आपण आपले करू. येत्या रविवारी मिस्सानंतर मी टेप आणि पान्हा घेऊन अंगणात उभा असेन. सायकली घेऊन या.