म्याऊथ बोलायला शिकला, म्हणून खलनायक झाला

सिनेमात आपला माणूस कसा दाखवला, पाठ्यपुस्तकात फुले-आंबेडकर किती ओळींत उरकले, यावर आपण तावातावाने बोलतो. बोललेच पाहिजे. पण आपल्याच घरात, आपल्याच लेकरांसमोर, शाळेतून आल्यापासून जेवणाच्या ताटापर्यंत जे चालू असते त्याला मात्र आपण पोरखेळ म्हणून सोडून देतो. सिनेमा तीन तासांत संपतो. कार्टून वर्षानुवर्षे चालते, आणि नेमके त्या वयात चालते जेव्हा ही गोष्ट आहे की जगाची रीत आहे, हे मुलाला वेगळे करता येत नाही.

म्हणून आज 'पोकेमॉन'. २००३ मध्ये ते कार्टून नेटवर्कवर हिंदीतून आले आणि पुढे हंगामावर गेले. आज पंचविशी-तिशीत असलेले आपले कितीतरी कार्यकर्ते त्यावरच वाढले आहेत. तेव्हा हा लेख मुलांइतकाच त्यांच्यासाठीही आहे.

मूळ वस्तू कार्टून नव्हती, व्हिडिओ गेम होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात निन्टेन्डोच्या गेम बॉयवर तो आला. खेळ साधा: रानात फिरा, तिथले १५१ प्रकारचे प्राणी लढून दमवा, चेंडू फेकून पकडा, मग त्यांना एकमेकांशी लढवा. खेळताना कोणी विचारत नाही की त्या प्राण्याला काय वाटते. तो पडद्यावरचा आकडा असतो, आणि त्याचा आवाज म्हणजे यंत्राची एक किरकिर. पण १ एप्रिल १९९७ ला याच खेळाचे कार्टून झाले तेव्हा लेखकांपुढे पेच आला. गोष्टीत पात्र लागते, पात्राला मन लागते आणि मन असलेला जीव काहीतरी बोलतो. मग या प्राण्यांनी बोलायचे काय?

उत्तर जगातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. पिकाचू म्हणतो, "पिका पिका". प्रत्येकाने आपल्या जातीचे नाव घ्यायचे, त्यापलीकडे एक शब्द नाही. जगभरातल्या बहुतेक डबमध्ये पिकाचूला इकुए ओतानी या जपानी कलावतीचाच आवाज आहे, कारण भाषांतर करावे असे त्यात काही नाहीच! जो जन्मला तेच त्याचे नाव, तेच त्याचे संपूर्ण भाषण. त्याच्या मनात काय आहे हे सांगायचा अधिकार ऐशचा, म्हणजे मालकाचा. तो म्हणतो, पिकाचूला लढायचे आहे, आणि पिकाचू लढतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. आम्ही आपल्या माणसांची तुलना प्राण्यांशी करत नाही. ते काम या देशातल्या धर्मग्रंथांनी पुरेसे केले आहे. आमचा मुद्दा बघणाऱ्या मुलाचा आहे. हे मूल वस्तीतले असो की सोसायटीतले, गोष्ट त्याला ऐशच्या जागी बसवते. दुसऱ्याच्या वतीने बोलणे, दुसऱ्याला लढायला धाडणे आणि वर त्याला मैत्री म्हणणे, हे सगळे त्या जागेवरून इतके गोड दिसते की कुठे खटकत नाही.

आपल्यातले काही मित्र पोकेमॉनमधल्या 'टाइप'ची तुलना थेट वर्णव्यवस्थेशी करतात. आग, पाणी, गवत हे जन्मावर ठरते, म्हणून ते वर्ण. ही तुलना टाळीची आहे, टिकणारी नाही. पाणी आगीला हरवते, आग गवताला, गवत पाण्याला. ते वर्तुळ आहे. जातीची उतरंड अशी फिरत नाही, तिथे वरचा कायम वरच असतो. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते उगाच नाही. आपल्याच शब्दांची धार अशी बोथट करू नये. खरी गोम टाइपमध्ये नाही, बोलण्यात आहे.

आणि ही गोम लेखकांना माहीत होती. सतरावा भाग बघा. त्यात पोकेमॉन माणसांपासून ताटातूट होऊन एका बेटावर पोहोचतात आणि आपापसात बोलतात. त्यांचे बोलणे खाली उपशीर्षकांत येते. म्हणजे भाषा आहे, विचार आहे, विनोदसुद्धा आहे. टीम रॉकेटचे एकान्स आणि कॉफिंग तर चक्क सांगतात की आम्ही मुळात वाईट नाही, मालक वाईट आहे म्हणून वाईट कामे करावी लागतात. एवढे मोठे वाक्य लहान मुलांच्या कार्टूनमध्ये १९९७ साली बोलले गेले! पण मालक परत भेटले आणि उपशीर्षके बंद झाली. पुन्हा "पिका पिका". मुके ते नव्हतेच, ऐकणाऱ्याची सोय म्हणून त्यांना मुके ठेवले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला पाक्षिक काढले तेव्हा त्याला 'मूकनायक' हे नाव का दिले, हे वाचकांना आम्ही समजावून सांगायची गरज नाही.

आता म्याऊथकडे येऊ, कारण या सगळ्या पसाऱ्यात आमचा जीव अडकतो तो त्याच्यात.

म्याऊथ हा टीम रॉकेटचा मांजर पोकेमॉन, माणसासारखा दोन पायांवर चालतो आणि माणसासारखा बोलतो. त्याची कहाणी सांगणाऱ्या भागाचे जपानी नाव 'न्यासचे आ-इ-उ-ए-ओ' असे आहे. न्यास म्हणजे म्याऊथ, आणि आ-इ-उ-ए-ओ म्हणजे आपले अआइई. बेवारस, उपाशी पिल्लू. अन्नासाठी चोऱ्या करणाऱ्या टोळीत वाढते. एका श्रीमंत बाईने पाळलेल्या मांजरीवर त्याचा जीव जडतो. ती म्हणते, तू गरीब, तू काही माणूस नाहीस. मग हा गडी रात्री-रात्री जागून चित्रांच्या पुस्तकातून अक्षर गिरवतो, पडत-धडपडत दोन पायांवर चालायला शिकतो. शिकवायला कोणी नाही. आणि एवढे शिकून तिच्यासमोर गेला तर ती म्हणते, आता तर तू विचित्रच झालास, बोलणारे मांजर कुठे असते? ना मांजरांत जागा, ना माणसांत. त्यात सगळी ताकद शिकण्यात खर्ची पडली म्हणून त्याच्या जातीचे मांजर जे डावपेच करते तेही त्याला जमत नाहीत. शेवटी तो जातो चोरांच्या टोळीत, कारण तेवढा एकच दरवाजा उघडा असतो.

पहिल्या पिढीत शिकलेल्या आपल्यातल्या कोणीही हा भाग डोळे कोरडे ठेवून बघून दाखवावा. गावात परका, शहरात परका, हॉस्टेलवर 'कोट्यातला', आणि घरी गेलो तर 'साहेब झाला'. जपानी लेखकाने आपल्यासाठी लिहिले असे आमचे म्हणणे नाही, पण गोष्ट लागू पडते ती पडतेच.

आणि व्यवस्थेचा खेळ बघा. स्वतःच्या हिमतीवर शिकलेला हा जीव कार्टूनमध्ये काय आहे? विदूषक! दर भागात खड्ड्यात पडायचे, विजेचा झटका खायचा आणि आकाशात उडून जायचे. ज्याने बोलायचे कष्ट घेतले तो हास्यास्पद, आणि जो मालकाच्या खांद्यावर बसून स्वतःचे नाव घोकतो तो जगाचा लाडका. गंमत अशी की पोकेमॉन काय म्हणतात हे माणसांना कळेनासे झाले की दुभाषा म्हणून म्याऊथच लागतो. काम झाले की पुन्हा झटका.

टीम रॉकेटची जेसीही गरिबीत वाढलेली. तिला नर्स व्हायचे होते. ऐशने रानातून धरून आणलेला जीव 'पकडला' जातो आणि जेसीने ऐशच्या हातातून घेतला तर ती 'चोरी' होते. रान कोणाचे होते, हे कोणी विचारत नाही. जंगल हक्कांवर काम करणाऱ्या साथींना हा फरक ओळखीचा वाटेल.

पिकाचूबद्दलही न्यायाने बोलू. तो चेंडूत शिरायला नकार देतो. चौदाव्या भागात विजेच्या दगडाने रायचू व्हायची संधी येते तेव्हा तो दगड झिडकारतो: मी आहे असाच लढेन. हा स्वाभिमान आहे आणि मुलांपर्यंत तो पोहोचतो. पण वीस वर्षांनी, २०१७ च्या चित्रपटात, पिकाचू पहिल्यांदा ऐशशी माणसाच्या भाषेत बोलला. ऐश विचारतो, तुला चेंडूत जायला का आवडत नाही? आणि वीस वर्षे गप्प राहिलेला जीव सांगतो की मला कायम तुझ्यासोबत राहायचे आहे. झाले! नकाराचे कारण स्वातंत्र्य नव्हते, भक्ती होती. एकलव्याचा अंगठा हजारो वर्षे गुरुदक्षिणा म्हणून सांगितला गेला, ती हीच रीत.

बंड करणारा एक होता. १९९८ च्या पहिल्या चित्रपटातला म्यूटू. प्रयोगशाळेत घडवलेला, आणि स्पष्ट विचारणारा: मला कोणी आणि कशासाठी जन्माला घातले? तो लढतो आणि शेवटी लढाई निरर्थक ठरवून निघून जातो, इथपर्यंत समजू शकते. पण जाताना तो सगळ्यांची स्मृती पुसून जातो. बंड झाले होते हे ऐशला आठवत नाही, पिकाचूलाही नाही. पुढच्या भागात पुन्हा लढती सुरू. या मालिकेचे सुरुवातीचे मुख्य लेखक ताकेशी शुदो यांनी पुढे आपल्या स्तंभात लिहिले की त्यांच्या मनात मालिकेचा एक शेवट होता, ज्यात पोकेमॉन माणसांविरुद्ध उठाव करतात. तो शेवट कधी आला नाही. खेळणी विकली जात असताना शेवट कोणाला परवडतो? ऐश २०२२ मध्ये जगज्जेता झाला तेव्हाही दहाच वर्षांचा होता.

मुक्तीचा प्रश्न गेममध्ये उघडपणे आला तो २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये. एन नावाचा तरुण पोकेमॉनमध्ये वाढलेला, त्यांची भाषा समजणारा. तो म्हणतो, यांना सोडा. आणि गोष्ट त्या मागणीचे काय करते? एनच्या मागे गेट्सिस नावाचा कारस्थानी उभा करते. सगळ्यांनी आपापले पोकेमॉन सोडले की सत्ता एकट्याच्या हातात यावी, हा त्याचा डाव. झाला निकाल: मुक्तीची भाषा म्हणजे कोणाचे तरी षड्यंत्र. ही संघटना ज्यात पहिल्यांदा येणार होती ते कार्टूनचे दोन भाग मार्च २०११ च्या भूकंपानंतर लांबणीवर पडले आणि कधीच दाखवले गेले नाहीत. एन पडद्यावर आला तो २०१३ मध्ये.

स्वार्थी नेते नसतात असे नाही. आपल्या चळवळीने ते पाहिले आहेत, नाकारायचे कशाला? पण गेट्सिस लबाड निघाला म्हणून एनचा प्रश्न खोटा ठरत नाही. आपले मोर्चे निघतात तेव्हा टीव्हीवर पहिला प्रश्न 'यांच्या मागे कोण आहे' हाच असतो. मागणी काय आहे, हा प्रश्न येतच नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपनीपुढे आपण काय करणार? तर जिंक्सचे उदाहरण घ्या. काळा चेहरा आणि जाड ओठांचा हा पोकेमॉन गोऱ्यांनी चालवलेल्या काळ्यांच्या टवाळीसारखा दिसतो, असा आक्षेप आफ्रिकन-अमेरिकन लेखिका कॅरोल बोस्टन वेदरफर्ड यांनी २००० च्या सुमारास लेखातून घेतला. पुढे जिंक्सचा रंग जांभळा झाला. आपल्याकडे 'छोटा भीम'मधला दांडगट कालिया अजून कालियाच आहे, कारण आपण तेवढा एक लेख कधी जोर लावून लिहिला नाही.

टीव्ही बंद करा असे आम्ही सांगणार नाही. बंद होणारही नाही. रविवारी विहारात मुले जमतात, तिथे एकदा मोबाइल भिंतीला टेकवून हा सतरावा भाग लावा. वीस-बावीस मिनिटांचा आहे. उपशीर्षके इंग्रजीत असली तर मोठ्या मुलीने वाचून दाखवावीत. मग मुलांना एवढेच विचारा: माणसे परत आल्यावर हे सगळे गप्प का झाले? उत्तर आपण द्यायचे नाही. मुलांना बोलू द्यायचे, आणि पुढच्या रविवारी म्याऊथचा भाग लावायचा.