शर्यतीचा टायर आणि आमचा घाट

आमचे काका मोखाडा-जव्हार रस्त्यावर जीप चालवतात. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी त्यांना म्हटले, "काका, पुढचे टायर पार गुळगुळीत झालेत." त्यांनी मोबाईलवर मोटारींची शर्यत पाहिली होती. "त्या गाड्यांच्या टायरला तरी कुठं नक्षी असते?" म्हणाले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, पण तेव्हा उत्तर सुचले नाही. आता देते.

शर्यतीचा गुळगुळीत टायर कोरड्या रस्त्यासाठी असतो. त्याचे रबर मऊ असते, तापले की रस्त्याला धरून बसते. पाऊस आला की तेच शर्यतवाले खाचांचे टायर चढवतात, कारण चाकाखालचे पाणी बाहेर जायला वाट लागते. आमचा टायर झिजून गुळगुळीत होतो, मऊ होत नाही. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायदाही तो बाद ठरवतो.

पाड्यावरच्या चिखलासाठी पुष्कळ जण मागे खोल खाचांचे जाड टायर घालतात, पुढे जुनेच ठेवतात. चिखलात ते उत्तम. ओल्या डांबरावर मात्र त्यांचे रबर कमी टेकते, गाडी थांबायला उशीर होतो. माझ्या मते टायर घाटातल्या ओल्या डांबरासाठी निवडावेत आणि चारही सारखे असावेत. चिखलाचा शेवटचा मैल उतारूंनी चालावा, एरवीही चालतोच. गाडीत बाळंतीण असली तर माझे मत लंगडे पडते, हे कबूल. पण तो दोष रस्त्याचा.

हे काकांना वाचून दाखवले. पुढचे दोन लगेच बदलतो म्हणाले, मागचे दिवाळीनंतर.